मॉडेल विमानावरचा डाग आणि संशोधनातला दावा


पीएच.डी.ची तयारी करणारे ज्युनियर्स विचारतात, "पुरावा, कंट्रोल, ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड हे सगळं थिसिसच्या आधी कुठे शिकायचं?" एक उत्तर आहे प्लास्टिकच्या विमानाचं किट.

विमान आपल्या ओळखीचंच घेऊ, मिग-२१. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये याच विमानासाठी उभा राहिला. २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने चंदीगडमध्ये या विमानाला निरोप दिला. त्याची १/७२ आणि १/४८ स्केलची किट मिळतात. भाग चिकटवून झाले की विमान वापरातलं दिसावं म्हणून पत्र्याचे जोड, काजळी, तेलाचे ओघळ, उडालेला रंग हे सगळं रंगवतात. याला वेदरिंग म्हणतात.

१. प्रत्येक डागाला कारण लागतं

गगनबावड्याकडून पावसात आलेली एसटी स्टँडवर नीट बघा. लाल चिखल चाकांच्या मागे, काजळी सायलेन्सरपाशी आणि रंग उडालेला दरवाजाच्या दांडीजवळ. डाग कुठेही पडत नाहीत.

विमानाचंही तसंच. मिग-२१ बिसच्या पोटात जीएसएच-२३ तोफ आहे, तिच्या तोंडामागे काजळी शोभते. आधीच्या एफएल प्रकारात आतली तोफच नव्हती. नंतर पोटाखाली वेगळा गन पॉड लावला गेला. त्यामुळे पॉड नसलेल्या एफएलवर तोफेची काजळी काढली तर ती दिसेल झकास, पण असेल चूक. ओघळांचंही तेच. उभ्या विमानातून गळलेलं तेल सरळ खाली येतं, उडताना गळलेलं हवेबरोबर मागे पसरतं. ओघळ कुठल्या दिशेने काढला, यावरून तुम्ही कारणाचा विचार केलाय का ते लगेच कळतं.

२. ब्रश उचलण्याआधी गुणाकार

पत्र्यांच्या जोडरेषांत काळा वॉश भरायची पद्धत आहे. किटवरची रेष समजा ०.३ मिमी रुंद आहे. ०.३ × ७२ = २१.६ मिमी. म्हणजे खऱ्या विमानावर बोट जाईल एवढी फट! अशी काळीकुट्ट रेष मारली की विमान फरशी बसवल्यासारखं दिसतं. म्हणून मूळ रंगापेक्षा थोडाच गडद, पातळ वॉश वापरायचा.

आधी ग्लॉस वार्निश का मारतात? गुळगुळीत पृष्ठभागावर वॉश केशाकर्षणाने खाचेतून धावतो, खरखरीत मॅट रंगावर तो जागीच डाग धरतो. शिवाय वॉशच्या थिनरने खालचा थर विरघळता कामा नये, म्हणून ॲक्रिलिक रंगावर इनॅमल वॉश चालतो.

३. पाठ झालेलं स्पष्टीकरण तपासा

मॉडेलवर रंग थोडे फिकट वापरावेत असं सांगतात. कारण? "लांबून बघताना मधल्या हवेमुळे रंग फिका दिसतो." ऐकायला पटतं, पण मोजून बघू.

१/७२ चं मॉडेल ३० सेमीवरून बघणं म्हणजे खरं विमान २१.६ मीटरवरून बघणं. दृश्यमानता २० किमी धरा. कोश्मीडरच्या सूत्रातला घातांक येतो ३.९१२ × ०.०२१६ ÷ २० = सुमारे ०.००४. म्हणजे कॉन्ट्रास्ट अर्धा टक्कासुद्धा कमी होत नाही. एवढा फरक डोळ्याला कळणारच नाही.

मग फिकट रंग वापरायचाच नाही का? तसं नाही. उन्हाने उडालेला रंग किंवा खोलीतला कमी उजेड अशी दुसरी कारणं असू शकतात. सल्ला कदाचित बरोबर असेल, पण त्याला जोडलेलं हे कारण टिकत नाही. रिव्ह्यू लिहिताना या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत.

४. पुराव्याची तारीख बघा

एफएल विमानं आली तेव्हा उघड्या धातूच्या रंगाची होती. १९७१ च्या युद्धकाळात त्यातल्या काहींवर घाईने कॅमोफ्लाज चढवला गेला. तुम्ही डिसेंबर १९७१ चं विमान करताय आणि फोटो १९६९ चा वापरताय, तर फोटो अस्सल असूनही पुरावा चुकीचा. चौकात उभं केलेलं विमान तर नंतर पुन्हा रंगवलेलं असू शकतं. तिथे तुम्हाला हवाई दलाचा रंग दिसतोय की अलीकडच्या पेंटरचा, हा प्रश्न आधी विचारा.

करून बघा

प्लास्टिकचे चार चमचे घ्या आणि चौघांवर एकच रंग मारा. दोनांवर ग्लॉस वार्निश, दोन तसेच. मग प्रत्येक जोडीतल्या एकावरच वॉश द्या. वॉश न दिलेला चमचा हा तुमचा कंट्रोल. वहीत तीन रकाने आखा: डाग, कारण, पुरावा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो डाग रंगवू नका.

जमलं की हेच तीन रकाने स्वतःच्या सिनॉप्सिसला लावा. "डाग"च्या जागी लिहा "दावा". किती ओळींचा तिसरा रकाना रिकामा राहतो ते गाईडला भेटायच्या आधीच मोजून ठेवा.