इंजिन बंद, खाली समुद्र आणि दिवसभर बातमी

आकाशवाटा : लेखांक ७

१८ जानेवारी २०२३. ऑकलंडहून सिडनीला निघालेल्या क्वांटासच्या १४४ क्रमांकाच्या विमानाचं एक इंजिन टास्मान समुद्रावर बंद करावं लागलं. विमान दोन इंजिनांचं, बोईंग ७३७-८०० जातीचं. प्रवासी १४५. सिडनी अजून साधारण तासाभराच्या अंतरावर. वैमानिकांनी ‘मेडे’ हा आणीबाणीचा संदेश दिला आणि ऑस्ट्रेलियातल्या वाहिन्यांवर थेट प्रक्षेपण सुरू झालं. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर लोक त्या एका विमानाची खूण श्वास रोखून पाहू लागले. दरम्यान वैमानिकांनी मेडे मागे घेऊन त्याखालच्या पायरीचा, ‘पॅन पॅन’चा संदेश दिला होता. विमान सिडनीला नेहमीसारखं उतरलं. कुणाला काही इजा झाली नाही.

त्यानंतरच्या काही दिवसांत क्वांटासची आणखी काही विमानं लहानसहान बिघाडांमुळे परत फिरली आणि त्यातली प्रत्येक घटना ठळक मथळ्यात झळकली. एरवी अशा घटनांना आतल्या पानावरही जागा मिळत नाही. आपल्याकडेही हेच झालं. १२ जून २०२५च्या अहमदाबादच्या भीषण अपघातानंतर विमानांच्या साध्या बिघाडांनाही पहिलं पान मिळू लागलं. १६ जुलैच्या रात्री दिल्लीहून गोव्याला निघालेलं इंडिगोचं विमान एका इंजिनातल्या बिघाडामुळे मुंबईला वळवून सुखरूप उतरवलं गेलं. वैमानिकानं ‘पॅन पॅन’ दिला होता आणि विमानतळावर ‘फुल इमर्जन्सी’ जाहीर झाली होती. हे शब्द वाचून गोव्याच्या विमानाची वाट पाहणाऱ्या घरच्यांचं काय झालं असेल, याची कल्पना करवत नाही. वास्तविक ‘फुल इमर्जन्सी’ हा विमानतळाच्या नियमपुस्तकातला तयारीचा एक ठरलेला टप्पा आहे. अपघाताचा धोका संभवतो, म्हणून अग्निशमन गाड्या आणि रुग्णवाहिका जागेवर आणून ठेवा, असा त्याचा अर्थ. बातमीत तो आला की वाचणाऱ्याला वाटतं, सगळं संपत आलं होतं.

या लेखांकात दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. समुद्रावर इंजिन बंद पडलं की नेमकं काय होतं आणि त्याची बातमी कशी झाली तर आपल्याला खरं कळेल.

एक इंजिन बंद पडलं म्हणून विमान पडत नाही. दोन इंजिनांचं प्रत्येक प्रवासी विमान एका इंजिनावर उडू शकेल असंच बांधलेलं असतं. धावपट्टीवर वेग घेतलेला असताना, म्हणजे सगळ्यात अडचणीच्या क्षणी, एक इंजिन गेलं तरी उरलेल्या इंजिनावर उड्डाण पूर्ण करता आलं पाहिजे, ही प्रमाणपत्राची अट आहे. सिम्युलेटरवर वैमानिकांकडून याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला जातो. मात्र पस्तीस-छत्तीस हजार फुटांवर एका इंजिनाची ताकद पुरत नाही. म्हणून वैमानिक ठरलेल्या वेगानं हळूहळू खालच्या उंचीवर येतात आणि तिथून पुढे सरळ उडत राहतात. ‘काही मिनिटांत विमान हजारो फूट खाली कोसळलं’ असं आपण वाचतो, ते बहुतेक वेळा हे जाणूनबुजून केलेलं उतरणं असतं.

मग समुद्राचं काय? पाण्यावर धावपट्टी नसते, म्हणून तिथे हिशेब मिनिटांचा असतो. अमेरिकेत १९५३ साली नियम झाला की दोन इंजिनांच्या विमानानं कोणत्याही क्षणी, एका इंजिनावर उडत, ६० मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळाच्या टप्प्यातच राहायचं. तो पिस्टन इंजिनांचा काळ होता आणि ती इंजिनं वरचेवर बंद पडत. पुढे जेट इंजिनं इतकी भरवशाची झाली की १९८५ साली टीडब्ल्यूए कंपनीच्या बोईंग ७६७ विमानांना अटलांटिकवर १२० मिनिटांची मुभा मिळाली. मग ती १८० मिनिटांवर गेली आणि एअरबस ए३५०ला तर ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता आहे. या व्यवस्थेला ‘ईटॉप्स’ म्हणतात. ही मुभा नुसती विमानाच्या जातीवर मिळत नाही. १८० मिनिटांसाठी त्या जातीच्या इंजिनांचं उड्डाणात बंद पडण्याचं प्रमाण ५०,००० तासांमागे एकाहून जास्त नसावं लागतं, शिवाय विमान कंपनीची देखभालही तपासली जाते. मुंबईहून मस्कतला जाणाऱ्या विमानाचं एक इंजिन अरबी समुद्राच्या मध्यावर बंद पडलं, तरी दोन्हीकडचे किनारे साधारण तासाभराच्या टप्प्यात असतात. आखातात नोकरीला जाणाऱ्या हजारो मराठी माणसांच्या घरी एवढं माहीत असलं, तरी रात्रीच्या बातम्या पाहताना जीव निम्मा होणार नाही.

हे सगळं कागदावरच राहिलेलं नाही. १७ मार्च २००३ रोजी ऑकलंडहून लॉस एंजेलिसला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या बोईंग ७७७चं एक इंजिन प्रशांत महासागरावर बंद करावं लागलं. ते विमान उरलेल्या एका इंजिनावर १९० मिनिटांहून जास्त काळ उडून हवाई बेटांवरच्या कोना विमानतळावर उतरलं. सगळे सुखरूप होते.

पण खरा धोका कुठे आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. दोन इंजिनं आपापल्या वेगळ्या कारणांनी एकाच प्रवासात बंद पडणं जवळजवळ अशक्य आहे. दोन्ही गेली, तर त्यामागे बहुधा दोघांना एकदमच भोवलेलं एक कारण असतं. ते इंधन असेल, पक्षी असतील, राख असेल किंवा हँगरमधल्या माणसाच्या हातून राहून गेलेलं काम असेल.

५ मे १९८३ची गोष्ट पाहा. ईस्टर्न एअर लाइन्सचं ट्रायस्टार विमान मायामीहून बहामातल्या नासाऊला निघालं. इंजिनं तीन, माणसं १७२. नासाऊला उतरत असताना मधल्या इंजिनाचा तेलाचा दाब कमी झाला. वैमानिकांनी ते बंद केलं आणि तिथलं हवामान ठीक नसल्यानं मायामीकडे परत वळले. थोड्याच वेळात उरलेल्या दोन्ही इंजिनांच्या तेलाचे काटेही शून्यावर आले. तिन्ही इंजिनांचं तेल एकदम कसं जाईल? वैमानिकांना वाटलं, काटेच चुकीचं दाखवताहेत. काटे बरोबर होते. एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली आणि विमान नुसतं तरंगत सुमारे ४,००० फुटांपर्यंत खाली आलं. प्रवासी लाइफ जॅकेट घालून बसले होते. मग आधी बंद केलेलं मधलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि त्याच्या जोरावर विमान मायामीला उतरलं.

कारण होतं रबराच्या बारीक कड्या. तेलात धातूचे कण आलेत का हे पाहण्यासाठी प्रत्येक इंजिनाला एक छोटा चुंबकी खिळा बसवलेला असतो. तो रात्रीच्या देखभालीत बदलला होता. एरवी हे खिळे मेकॅनिकांना फोरमनच्या कपाटातून, कड्या चढवलेलेच मिळत. त्या रात्री ते भांडारातून आले, कड्यांशिवाय. तसेच बसवले गेले आणि कागदावर सही झाली. तिन्ही इंजिनांचं तेल तिथूनच गळून गेलं. याच खिळ्यांमुळे तेल गळण्याचे प्रकार कंपनीत आधीही घडले होते. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या मथळ्यात यातलं काहीच मावत नाही. आज ईटॉप्स विमानाच्या दोन्ही इंजिनांवर एकच काम एकाच माणसानं एकाच वेळी करू नये, असा दंडक पाळला जातो, तो अशाच धड्यांमुळे.

बातमीदारीतलं मोठं दुखणं याच्याशी जोडलेलं आहे : घटना गाजते, तिचं कारण मात्र मागे पडतं. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेलं एअर ट्रान्सॅटचं ए३३० विमान अटलांटिकवर दोन्ही इंजिनं गमावून बसलं. माणसं ३०६. कॅप्टन रॉबर्ट पिशे आणि त्यांच्या सहवैमानिकानं ते १९ मिनिटं, १०० किलोमीटरहून जास्त अंतर, नुसतं तरंगत नेलं आणि अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर उतरवलं. घाटात बंद पडलेली गाडी न्यूट्रलमध्ये खाली आणावी तसं, पण दुसरी संधी नसलेलं हे उतरणं होतं. पिशे कॅनडात वीर ठरले आणि त्या कौशल्याचा मान त्यांचाच आहे. पोर्तुगालचा तपास अहवाल २००४ साली आला. उजवं इंजिन बदलताना न जुळणारा भाग बसवला गेला होता, त्यामुळे हायड्रॉलिकची नळी घासून इंधनाची नळी फुटली, आणि गळती लक्षात न आल्यानं वैमानिकांनी चांगल्या बाजूचं इंधनही गळत्या बाजूकडे वळवलं, असं त्यात नोंदवलेलं आहे. विमान कंपनीला दंडही झाला. पहिल्या दिवशीच्या बातमीच्या मानानं या अहवालाची दखल फारच थोडी घेतली गेली. खरं तर पुढच्या प्रवाशाचा जीव वाचवणारी माहिती होती ती अहवालातच.

पहिल्या तासाची घाई कुठवर जाते, हे ४ नोव्हेंबर २०१०ला दिसलं. सिंगापूरहून उडालेल्या क्वांटासच्या ए३८०चं एक इंजिन फुटलं आणि त्याचे तुकडे इंडोनेशियाच्या बाटाम बेटावर पडले. तुकड्यांची छायाचित्रं फिरू लागली आणि विमान कोसळल्याच्या बातम्याही आल्या. त्या वेळी ४६९ माणसांसह ते विमान हवेत होतं. वैमानिक एकेक यंत्रणा तपासत होते. जवळजवळ दोन तासांनी ते सिंगापूरला सुखरूप उतरलं.

मेडे देणाऱ्या वैमानिकाकडे संशयानं पाहणारी बातमीदारी तर थेट घातक आहे, कारण मेडे द्यायला कचरणं जिवावर बेतू शकतं. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ एव्हियांकाचं विमान इंधन संपून कोसळलं आणि ७३ जण गेले. इंधन कमी आहे असं वैमानिकांनी सांगितलं होतं, पण आणीबाणीचा ठरलेला शब्द उच्चारलाच नव्हता. मेडे लवकर देणं हे शहाणपणाचं लक्षण आहे. त्याबद्दल वैमानिकाचं कौतुक व्हायला हवं.

दोष सगळा वाहिन्यांचा नाही. ‘तांत्रिक कारणामुळे विमान वळवलं’ या एका ओळीवर विमान कंपन्या हात झटकतात आणि ती रिकामी जागा अफवा भरून काढतात. इंजिन बंद पडलं की बंद केलं, हे त्याच संध्याकाळी साध्या भाषेत सांगणं कंपनीला सहज शक्य असतं. नियामक संस्थांनी ते सांगायला भाग पाडलं पाहिजे.

तोवर वाचकानं प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारावेत. त्या क्षणी सगळ्यात जवळचा विमानतळ किती मिनिटांवर होता? एक इंजिन गेलं होतं की दोन्ही, आणि दोन्ही गेली असतील तर दोघांना भोवलेलं कारण कोणतं? तपास कोण करतंय आणि अहवाल कधी येणार आहे? संपादकांकडे मागणी एकच आहे. ज्या घटनेला पहिल्या दिवशी पहिलं पान दिलं, तिच्या अंतिम अहवालालाही वर्ष-दोन वर्षांनी तेवढीच जागा द्या. कड्या कुणी विसरल्या, नळी का घासली आणि त्यानंतर नियम कोणता बदलला, हे लोकांपर्यंत पोहोचलं, तरच भीतीच्या जागी जाब विचारण्याची सवय येईल.

पुढील लेखांकात : जून १९८२. लंडनहून मुंबईमार्गे ऑकलंडला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबोची चारही इंजिनं जावाच्या दक्षिणेला समुद्रावर बंद पडली. ज्वालामुखीच्या राखेनं विमानवाहतुकीला काय शिकवलं?