दारुहळदीचा कस

काष्ठौषधींच्या दुकानात दारुहळद मागितली म्हणजे पिवळ्या लाकडाचे तुकडे हाती येतात. हळदीशी या वनस्पतीचे नाते केवळ रंगाचे. ‘दारु’ म्हणजे लाकूड. हिमालयाच्या उतारांवर वाढणाऱ्या या काटेरी झुडपाच्या मुळांना व खोडाला जो पिवळेपणा असतो, तो मुख्यतः बर्बेरीन या द्रव्याचा. बर्बेरीन हे अल्कलॉइड होय. म्हणजे वनस्पतीत तयार होणारे, नायट्रोजनयुक्त व अल्प मात्रेतही शरीरावर परिणाम करणारे द्रव्य. दारुहळदीचा काढा आटवून केलेले रसांजन वैद्यांनी नेत्रविकारांत पूर्वापार वापरले आहे.

प्रश्न आहे तो मात्रेचा. झुडपाचे वय, ते वाढले ती जागा, त्याचा घेतलेला भाग आणि साठवण यांप्रमाणे बर्बेरीन कमीअधिक होते. मग वजन तेच, पण गुण निराळा. सिंकोनाच्या सालीचीही हीच अडचण होती. १८२० साली तिच्यातून क्विनीन वेगळे काढल्यावरच हिवतापाच्या औषधाची मात्रा नेमकी तोलता येऊ लागली.

या तोलण्याची मानके ठरवण्याचे कार्य नोएडाला लागूनच असलेल्या गाझियाबाद येथे चालते. तेथे १९७० साली भारतीय चिकित्सापद्धतींच्या औषधांसाठी स्थापन झालेली प्रयोगशाळा २०२० साली औषधकोश आयोगात विलीन झाली.

मोजण्याची रीत समजण्यास अवघड नाही. मुळाची पूड अचूक तोलून मिथेनॉलमध्ये भिजवतात व अर्क गाळून घेतात. बारीक कणांनी भरलेल्या नळीतून तो मोठ्या दाबाने पुढे ढकलला, की त्यातील घटक निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात. बर्बेरीनचा आलेख शुद्ध नमुन्याच्या आलेखाशी ताडून प्रमाण काढतात. समजा, एक ग्रॅम पुडीपासून १०० मिलिलिटर अर्क केला आणि दर मिलिलिटरमध्ये ०.२ मिलिग्रॅम बर्बेरीन आढळले. तर एकूण २० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडा दोन झाले.

परंतु एवढ्याने निर्वाळा देता येत नाही. दक्षिणेतील डोंगरांत आढळणारी एक निराळीच काष्ठवेल दारुहळद म्हणून विकली जाते. तिच्यातही बर्बेरीन असते, त्यामुळे केवळ आकड्यावर ती परीक्षेत उतरेल. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाची घडण पाहून आधी ओळख पटवावी लागते. आकडा कस सांगतो, कूळ सांगत नाही.

या परीक्षेशी रोग्याचे हित तर निगडित आहेच, डोंगराचेही आहे. मुळासाठी झुडूप उपटले, की ते संपते. फांदी छाटली, तर पुन्हा फुटते. फांदीत किती बर्बेरीन आहे हे मोजल्याखेरीज मुळाऐवजी ती वापरावी, असे कोणी खात्रीने सांगू शकणार नाही. तराजूचा हा काटा औषधाची मात्रा ठरवतो, आणि झुडपाचे आयुष्यही.