शुक्रवारची मालमत्ता, सोमवारची मालमत्ता

मुलांनो, आपल्या गावात कुणाची ऐपत विचारली तर लोक काय सांगतात? "त्यांची चार एकर बागाईत आहे." नाहीतर, "त्याच्या नावावर सातबाराच नाही हो!" म्हणजे आपण माणसाची ऐपत जमिनीवर मोजतो. पण जेथे जमीनच मूठभर, तेथील लोक काय मोजत असतील? चला, आपल्याच देशातल्या अशा एका बेटाची माहिती घेऊ.

भारताच्या नकाशात केरळच्या पश्चिमेला अरबी समुद्रात बारीक ठिपके दिसतात. ती लक्षद्वीप बेटे. एकूण बेटे ३६, पण लोकवस्ती दहा-अकरा बेटांवरच. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर भरते. त्यांतलेच एक कल्पेनी. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८० हेक्टर. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाचे शिवारसुद्धा याहून मोठे असते. एवढ्याशा जागेत २०११ च्या जनगणनेत ४,४१९ माणसे मोजली गेली. मुख्य भूमीवरून जायचे तर कोचीहून बोटीने. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटींचा भरवसा नाही.

हे बेट मातीचे नाही बरं का, प्रवाळाचे आहे. प्रवाळ म्हणजे समुद्रातले बारीक जीव. त्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यांचा चुरा साचून ही जमीन झाली. येथे डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. साप नाही आणि कुत्राही नाही! पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. हलके पाणी वर, जड पाणी खाली. विहिरीतून जपून काढले तर गोडे मिळते. हावरेपणाने उपसले की खारे वर येते, आणि ते एकाच्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही विहिरीत येते. कवरत्ती बेटावर २००५ साली समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करण्याचा कारखाना सुरू झाला, तो या अडचणीमुळेच.

अशा वाळूत भात पिकत नाही. पिकतो तो माड. म्हणून तेथे ऐपत मोजायची ती एकरांनी नव्हे, माडांनी. "त्या घराचे माड किती?" असे विचारायचे. जमीन एकाची आणि तिच्यावरचा माड दुसऱ्याचा असेही चालत असे. कोकणातल्या मुलांना याचे नवल वाटणार नाही. माडाचे काय काय होते ते त्यांना ठाऊकच आहे : खोबरे, तेल, झावळ्यांचे छप्पर. माडाच्या गोड रसापासून तेथे गूळ आणि शिरकाही करतात. सोडणे किनाऱ्याच्या वाळूत खड्डे करून महिनोन् महिने कुजत ठेवायची, मग बायकांनी ती बडवून, धुऊन काथ्या वळायचा. तो काथ्या 'ओडम' नावाच्या शिडाच्या गलबतातून मंगळूर, कालिकतला जाई आणि येताना तांदूळ येई. फार वर्षे तर काथ्या राज्यकर्त्यांनाच द्यावा लागे आणि बदल्यात तांदूळ किती, ते राज्यकर्तेच ठरवीत. राबायचे बेटाने आणि माप दुसऱ्याच्या हातात!

आता मालमत्तेची खरी गंमत. कल्पेनीत दोन तऱ्हेची मालमत्ता असते. एक शुक्रवारची, दुसरी सोमवारची. ही नुसती नावे आहेत. शुक्रवारी विकत घेतलेली असा त्याचा अर्थ नाही.

शुक्रवारची मालमत्ता साऱ्या घराण्याची. घराण्याला तेथे 'तरवाड' म्हणतात, आणि ते चालते आईकडून. आजी, तिच्या मुली, मुलींच्या मुली असा वंश पुढे जातो. घर आणि माड या सगळ्यांचे मिळून. कुणा एकट्याला ते विकता येत नाहीत. मुलगे घराण्यातलेच, त्यांना जन्मभर उत्पन्नातला वाटा मिळतो, पण त्यांच्या मुलांना नाही. कारण ती मुले त्यांच्या आईच्या तरवाडातली! कारभार बहुधा वडीलधारा पुरुष बघतो. त्याला 'कारणवर' म्हणतात.

सोमवारची मालमत्ता म्हणजे स्वतःच्या कमाईची. ती ज्याची त्याने विकावी, द्यावी. त्याच्या मागे ती मुलाबाळांना मिळते, आणि वाटण्या मुसलमानी धर्मशास्त्राप्रमाणे होतात, कारण बेटावरचे लोक मुसलमान आहेत.

एक हिशेब करून पाहा. समजा, एका आजीचे १०० माड आहेत आणि तिला पाच मुले. आपल्यासारख्या वाटण्या केल्या तर प्रत्येकाला २० माड. त्या प्रत्येकाला चार मुले झाली तर नातवंडांना पाच-पाच. त्यांनाही पाच-पाच मुले झाली की एकेकाला एकच माड! शुक्रवारच्या मालमत्तेत मात्र १०० माड १०० च राहतात, आणि खाणारी तोंडे फक्त मुलींच्या बाजूने वाढतात. लहानशा बेटावर ही युक्ती पुष्कळ कामाची ठरली असली पाहिजे.

लग्न झाल्यावर मुलगी सासरी जात नसे. नवरा रात्री बायकोच्या घरी येई आणि सकाळी परत आपल्या आईच्या घरी कामाला जाई. त्यामुळे "घरातून चालती हो" असे बाईला सांगायची कुणाची छाती नव्हती. घरच तिचे! मूळच्या मराठी घरातल्या लीला दुबे या विदुषींनी कल्पेनीच्या या चालीरीतींचा अभ्यास करून १९६९ साली इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. बेटांवरच्या मुली पहिल्यांदा शाळेत गेल्या त्याही कल्पेनीतच, असे तेथे अभिमानाने सांगतात.

पण सगळे गोडच होते असे समजू नका. बापाने राबावे तरवाडासाठी आणि त्याचा जीव मात्र आपल्या लेकरांत. बहिणीच्या मुलांना द्यावे की आपल्या? कारणवराने हिशेब नीट दिला नाही की भांडणे. म्हणून पुढे एकमताने वाटण्या होऊ लागल्या. नोकऱ्या आल्या, पगार आला, तशी सोमवारची मालमत्ता वाढली. नवराबायको एका घरात राहू लागली.

समुद्रही अधूनमधून आपला हिस्सा मागतो. १८४७ च्या वादळात कल्पेनीवर लाटा चढल्या, माणसे वाहून गेली, माड उन्मळून पडले. त्या वेळी फेकल्या गेलेल्या प्रवाळाच्या दगडांचा बांध पूर्वेच्या किनाऱ्यावर पाहायला मिळतो. नवा माड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर खायचे काय, हा विचार करा.

आणखी एका तऱ्हेची जमीन आहे, 'पंडारम'. हा आपल्या 'भांडार' शब्दाचाच भाऊ. पूर्वी ही बेटे कण्णूरच्या अरक्कल घराण्याकडे होती. त्यांच्या खजिन्याची जमीन लोकांनी माड लावण्यासाठी घेतली आणि पिढ्यान् पिढ्या कसली. १९६५ साली बेटांसाठी जमिनीचा कायदा झाला. तरी पंडारम जमीन कसणाऱ्याची की सरकारची, हा वाद उरलाच. बाहेरच्या माणसाला तर बेटावर पाऊल ठेवायलाही परवाना लागतो, मग जमीन घेणे दूरच. २०२१ साली नव्या नियमांचा मसुदा निघाला. त्यात विकासकामांसाठी जमीन घेण्याचे मोठे अधिकार सरकारी प्राधिकरणाला द्यायचे होते. लोक घाबरले. ७ जून २०२१ रोजी बेटाबेटांवर माणसांनी घरीच राहून बारा तास उपवास केला. कुणी दारात, कुणी माडाखाली हातात फलक धरून बसले होते.