डोक्याला मार लागतो तेव्हा

कुणी झाडावरून पडले, सायकलवरून घसरले किंवा मोटारसायकलची धडक बसली, की गावात भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणते, "रक्त आलं नाही ना? मग भ्यायचं कारण नाही." हातापायाच्या खरचटण्यापुरते हे ठीक आहे. डोक्याच्या बाबतीत मात्र हे बोलणे घात करू शकते. डोक्यावरची कातडी थोडी फाटली तरी भळाभळा रक्त येते, आणि मेंदू मात्र सुखरूप असू शकतो. उलट बाहेर एक थेंबही रक्त नसते आणि आत, कवटीच्या खाली, रक्त साचत असते. डोक्याला मार लागल्यावर आत काय घडते, जगभरच्या डॉक्टरांनी त्यातून काय शिकून घेतले आणि आपण घरी, शेतात, शाळेत काय करावे, हे आज पाहू.

प्रथम आतली रचना ध्यानात घ्या. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण 1400 ग्रॅम वजनाचा असतो. तो कठीण कवटीत, स्वच्छ पाण्यासारख्या द्रवात जणू तरंगत असतो. मेंदू, हा द्रव आणि रक्तवाहिन्यांतले रक्त, अशा तीन वस्तू त्या पेटीत बसलेल्या असतात, आणि पेटी तर वाढत नाही. बाजाराच्या दिवशीची खचाखच भरलेली एस.टी. डोळ्यांपुढे आणा. आणखी एक उतारू आत घुसवायचा तर आधीच्या कुणाला तरी खाली उतरावे लागते. कवटीत रक्ताची गाठ वाढू लागली की आधी तो द्रव खाली सरकतो, मग शिरांतले रक्त बाहेर ढकलले जाते. तोवर माणूस बोलतो, चालतो, पाणी मागतो. पण ही सोय थोडीच आहे. ती संपली की दाब झपाट्याने चढतो आणि मेंदूच खालच्या भोकाकडे रेटला जातो. श्वास चालवणारे केंद्र तिथेच आहे. ते दाबले गेले की श्वास थांबतो.

म्हणून तर, "घरी आला तेव्हा चांगला बोलत होता हो!" असे आई-बाप रडून सांगतात ते खोटे नसते. समजा, दहा-बारा वर्षांचा मुलगा आंब्यावरून पडला. क्षणभर बेशुद्ध झाला, मग उठून बसला. कानाच्या वरच्या भागात कवटी पातळ असते आणि तिच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. हाड तडकताना ती फाटली, तर हाड आणि मेंदूचे जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. मुलगा तासभर, दोन तास शुद्धीवर राहतो, मग डोके दुखते म्हणतो, ओकतो, पेंगतो. घरचे म्हणतात, "दमलाय, निजू द्या." ही नीज साधी नसते. अशा वेळी वेळेवर कवटी उघडून गाठ काढली, तर मेंदूला स्वतःला फारशी इजा नसल्याने मूल पुष्कळदा पूर्ण बरे होते. उशीर झाला तर तेच मूल हाती लागत नाही. एवढे मोठे अंतर काही तासांवर अवलंबून असते.

डॉक्टर डोक्याच्या माराचे दोन भाग करतात. पहिला भाग म्हणजे आदळण्याच्या क्षणी झालेली इजा. ती परत फिरवता येत नाही. दुसरा भाग त्यानंतरच्या तासांत होतो. आत रक्त साचते, मेंदू सुजतो, श्वास नीट न चालल्याने प्राणवायू कमी पडतो, रक्तदाब उतरतो. मेंदूवरच्या शस्त्रक्रियेचे आणि अतिदक्षता विभागाचे सगळे कसब हा दुसरा भाग अडवण्यासाठी आहे. आणि त्यात आपला, म्हणजे घटनास्थळी असणाऱ्यांचा, वाटाही फार मोठा आहे.

आता संशोधनाकडे वळू. पूर्वी रोगी किती बेशुद्ध आहे हे सांगताना एक डॉक्टर म्हणे 'गुंगीत आहे', दुसरा म्हणे 'अर्धवट शुद्धीत आहे'. दोघांच्या मनात काय आहे ते तिसऱ्याला कळत नसे. 1974 साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघा डॉक्टरांनी एक सोपी मोजणी मांडली. गुरुजनांना ती चटकन पटेल, कारण ती गुणपत्रिकाच आहे! डोळे उघडण्याला 4 गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6, असे एकूण 15. आपोआप डोळे उघडतो, नीट उत्तर देतो, 'हात वर कर' म्हटल्यावर करतो, त्याला पैकीच्या पैकी. काहीच प्रतिसाद नाही त्यालाही प्रत्येकी एक धरून 3 मिळतात. 8 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा गंभीर. या मोजणीला फक्त डोळे, कान आणि लक्ष लागते. तालुक्याच्या दवाखान्यातली परिचारिका दर थोड्या वेळाने ती करू शकते, आणि गुण उतरू लागले की धोका ओळखता येतो.

दुसरी क्रांती सीटी स्कॅनची. इंग्लंडमधील गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने बनवलेल्या यंत्राने 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रोग्याचा मेंदू पाहिला. साध्या क्ष-किरणात हाड दिसते, आतली रक्ताची गाठ दिसत नाही. या यंत्राने ती दिसू लागली. 1979 साली हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी 1949 साली सुरू केला. पुढच्याच वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम आरंभले.

तिसरी गोष्ट मोठी बोधप्रद आहे. मेंदूची सूज उतरावी म्हणून डोक्याच्या मारात स्टेरॉइड औषध देण्याची चाल अनेक वर्षे होती. सूज उतरवणारे औषध आहे, तेव्हा उपयोग होणारच, असे सर्वांना वाटे. मग 49 देशांतील 239 रुग्णालयांनी मिळून तपासून पाहिले. काही रोग्यांना औषध, काहींना नुसते खोटे औषध, आणि कुणाला काय मिळाले हे गुप्त. 10,008 रोग्यांनंतर 2004 साली ही तपासणी मध्येच थांबवावी लागली. औषध मिळालेल्यांपैकी शंभरात 21 दोन आठवड्यांत दगावले होते आणि न मिळालेल्यांपैकी 18! चांगल्या हेतूने दिलेले औषध अपाय करीत होते. तर्क कितीही सरळ दिसला तरी मोजून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये, हा धडा विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने वर्गात सांगण्याजोगा आहे.

उलट उदाहरणही आहे. जपानमधील उताको ओकामोतो या डॉक्टरबाई आणि त्यांचे पती यांनी 1960 नंतरच्या काळात रक्त विरघळू न देणारे ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड हे स्वस्त औषध शोधले. ते डोक्याच्या मारात दिले तर काय होते, याची 29 देशांत 12,737 रोग्यांवर तपासणी झाली. तिचा निकाल 2019 साली आला. मार सौम्य वा मध्यम असेल आणि औषध तीन तासांच्या आत मिळाले, तर डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू कमी होतात. अतिगंभीर मारात मात्र तसा लाभ दिसला नाही. जितका उशीर, तितका गुण कमी. औषध द्यायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतील, पण रोग्याला त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवणे आपल्या हाती आहे.

आणि काही वेळा सर्व उपाय थकतात, दाब उतरतच नाही. तेव्हा शल्यचिकित्सक कवटीचा मोठा तुकडा काही काळ काढून ठेवतात, म्हणजे सुजलेल्या मेंदूला जागा मिळते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या 408 रोग्यांच्या अभ्यासात, अशी शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी सहा महिन्यांत 27 टक्के दगावले आणि केवळ औषधोपचार केलेल्यांपैकी 49 टक्के. परंतु वाचलेल्यांपैकी काहींना शुद्ध आलीच नाही, काही कायमचे परावलंबी झाले. म्हणून असा प्रसंग आला तर घरच्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे, "जगेल का?" आणि त्याचबरोबर, "जगला तर कसा जगेल?" दोन्ही प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही.

आता आपण काय करावे ते नीट लक्षात ठेवा. पडलेल्याला उठवून बसवू नका. मान वळवू नका, कारण डोक्याबरोबर मानेलाही मार असू शकतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, चहा, दूध काही घालू नका, ते श्वासनळीत जाते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. जखमेत हळद, चुना, तंबाखू भरू नका. स्वच्छ फडक्याने हलके दाबून धरा. माणूस ओकत असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून, दोघातिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवा. आणि लगेच 108 क्रमांकावर फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका 2014 पासून चालू आहे.

माणूस शुद्धीवर असला तरी पुढील चोवीस तास कुणीतरी जवळ राहावे. वारंवार ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, असंबद्ध बोलणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, नाका-कानातून पाणी वा रक्त येणे, उठवूनही न उठणारी गुंगी, यांपैकी एकही खूण दिसली तर रात्र असो की पाऊस, सकाळची वाट पाहू नका. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.

शिक्षकबंधू-भगिनींनो, कबड्डीत किंवा खो-खोत मुलाचे डोके आपटले आणि ते क्षणभर भांबावले, तर त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नका. "रडू नको, ऊठ, खेळ!" हे इथे चालत नाही. एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू अभ्यास, आणि सर्वांत शेवटी खेळ. काही आठवडे त्याचे लक्ष लागत नसेल, ते चिडचिड करीत असेल, तर त्याला आळशी ठरवून शिक्षा करू नका. त्याचा मेंदू अजून सावरत असेल.

वाहनाच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात, ही भीती अजून आहे. 2019 साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा मदतनीसाला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. 2025 साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. तेव्हा पैशांपायी थांबू नका.

शेवटी, मार लागूच नये म्हणून काय? 1935 साली इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हा प्रसिद्ध सेनाधिकारी मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून वारला. त्याच्या उपचारासाठी बोलावलेल्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे मोटारसायकलवरून जाणाऱ्या सैनिकांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि 1941 साली शिरस्त्राणाचे महत्त्व दाखवून दिले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने निरोप पोचवणाऱ्या मोटारसायकलस्वारांना ते सक्तीचे केले. पुढच्या अनेक अभ्यासांचा मेळ घातला तेव्हा दिसले, की हेल्मेटमुळे अपघातग्रस्त मोटारसायकलस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो. आणि आपल्याकडे? सरकारी आकडेवारीप्रमाणे 2022 या एका वर्षात हेल्मेट न घातलेले 50,029 जण देशातील रस्त्यांवर मरण पावले.

"इथंच तर जायचंय, शेतापर्यंत," असे म्हणून हेल्मेट खुंटीवर राहते. पण डोके शेतावर जातानाही तेच असते, आणि रस्ताही तितकाच कठीण असतो. मागे बसणाऱ्या मालकिणीलाही हेल्मेट द्या, पट्टा हनुवटीखाली नीट आवळा. चार वर्षांवरील मुलालाही कायद्याने ते हवेच. कवटीच्या आतली शस्त्रक्रिया कितीही पुढे गेली, तरी मेलेली मेंदूची पेशी परत आणणारा शल्यचिकित्सक अजून कुठे जन्मलेला नाही.