मोती नंतर, आधी दोरा

हौसेने मोत्याचे दागिने करायला बसणाऱ्या पुष्कळ जणी पहिल्या दिवशी मोत्यांवर भरपूर पैसे घालवतात आणि दोरा मात्र घरातला शिवणाचा घेतात. महिनाभरात माळ तुटते, मोती पलंगाखाली जातात आणि त्यांच्यामागे हौसही जाते. बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यात, घरच्या घरी, हे काम टिकाऊ करायचं तर काय लागतं आणि सुरुवात कशाने करावी, ते इथे मांडलं आहे.

समुद्र नसला तरी

साखरखेर्ड्याचं नाव इतिहासात येतं ते १७२४च्या लढाईमुळे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इथे निजामउल्मुल्काने मुघल सुभेदार मुबारिझखानाचा पाडाव केला. पहिले बाजीराव त्या वेळी निजामाच्या बाजूने होते. विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा हे नाव दिलं गेलं, पण लोकांनी ते फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. दख्खनमध्ये निजामांच्या, म्हणजे आसफजाही घराण्याच्या, सत्तेचा पाय रोवला गेला तो या लढाईने. पुढे १७६३ मध्ये त्याच घराण्याने राजधानी औरंगाबादहून हैदराबादला हलवली आणि निजामांच्या शौकावर तिथला मोतीबाजार वाढला. त्यांच्या खजिन्यातले १७३ दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. बसरा मोत्यांचा सातपदरी हार, म्हणजे सतलडा, त्यातलाच.

आता गंमत अशी की हैदराबादला समुद्र नाही. मोती यायचे इराणच्या आखातातून, बसऱ्याच्या बाजारामार्गे. हैदराबादेत ते निवडले जायचे, त्यांना भोक पाडलं जायचं, ते ओवले जायचे. चारमिनारजवळच्या पत्थरगट्टीत आजही हाच धंदा चालतो. एवढं मोठं नाव झालं ते हाताच्या कसबावर, आणि ते कसब शिकायला समुद्रकाठ लागत नाही.

आपल्याकडे हे काम पटवेकऱ्यांचं. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून, ताण धरून ते मणी गाठवतात आणि शेवटी रेशमाचा गोंडा बांधतात. जुन्या पिढीत पोत असो की तन्मणी, सोनाराकडून आलेला दागिना पटवेकऱ्याकडे गेल्याशिवाय अंगावर चढत नसे. जत्रेत किंवा बाजारात असा कोणी बसलेला दिसला तर अर्धा तास नुसतं त्याच्या बोटांकडे बघत उभं राहावं. मोबाइलवरचे व्हिडिओ इतक्या बारकाईने दाखवत नाहीत.

मोती कोणते

खरा, म्हणजे आपोआप शिंपल्यात झालेला मोती हौशी कामासाठी विसरावा. बाजारात ‘खरा’ म्हणून मिळतो तो बहुधा कल्चर मोती. जपानच्या मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात हाताने कण घालून अर्धगोल मोती मिळवला आणि पुढे या धंद्याचं रूपच पालटलं. आज स्वस्तात मिळणारे कल्चर मोती बहुतेक चीनमधल्या गोड्या पाण्यातले असतात. तिथे एकेका शिंपल्यात एकाच वेळी पुष्कळ मोती वाढवता येतात, म्हणून भाव आवाक्यात राहतो. हे मोती अगदी गोल नसतात आणि त्यांची भोकंही बारीक असतात, साधारण पाऊण मिलिमीटर.

शिकताना काचेचे मोती घ्यावेत. हाताला गार लागतात, वजन असतं, भोक एकसारखं असतं. प्लॅस्टिकचा मोती हलका असतो आणि नीट पाहिलं तर कडेने साच्याची रेघ दिसते. घेताना भोकाशी नख लावून बघावं. तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ती माळ दुकानातच ठेवावी. मोती कल्चर आहे का हे पाहायचं तर दोन मोती एकमेकांवर हलके घासावेत. किंचित खरखर जाणवली तर बहुधा शिंपल्यातला, अगदी गुळगुळीत घसरला तर नकली.

शिंपल्यातला मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. लिंबू, व्हिनेगर, घाम, अत्तर यांनी तो झिजतो, निस्तेज होतो. म्हणून साडी, पावडर, सेंट सगळं झाल्यावर मोती घालावेत आणि काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसून ठेवावेत.

दोरा, तार आणि गाठ

खरी मेख इथे आहे. तंगूस स्वस्त मिळतो, गावात सहज मिळतो आणि सुई न लावताही मण्यात जातो, म्हणून सगळ्यांचा आवडता. पण त्याला एकदा मोड पडली की सरळ होत नाही, गाठ हळूहळू सुटते आणि वर्षा-दोन वर्षांत तो पिवळा पडून कडक होतो. लहान मुलींच्या माळांना ठीक. नेहमी वापरायच्या काचेच्या मोत्यांना पिळाचा नायलॉन दोरा घ्यावा आणि कल्चर मोत्यांना रेशीम. रेशमाची गाठ घट्ट बसते, माळ गळ्यावर मऊ पडते. खोड एकच, रेशीम ताणलं जातं. त्यावर सोपा उपाय म्हणजे दोऱ्याला एखादं कुलूप बांधून रात्रभर टांगून ठेवायचा. सकाळी जेवढा लांबायचा तेवढा लांबलेला असतो. तरीही रोजच्या वापरातली माळ वर्षा-दीड वर्षात पुन्हा गाठवून घ्यावी, कारण घाम आणि तेल दोऱ्यात मुरतं.

चांगल्या माळेत दर दोन मोत्यांमध्ये गाठ असते. एक तर मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दुसरं म्हणजे दोरा तुटलाच तर एखाद-दुसरा मोती पडतो, बाकीचे जागेवर राहतात. ही गाठ मोत्याला चिकटून बसवणं हीच सगळी कला. मोती ओवला की सैल गाठ मारायची, गाठीच्या फटीत सुई घालायची आणि त्या सुईनेच गाठ सरकवत मोत्यापर्यंत न्यायची. मोत्याला टेकली की दोरा ओढत हळूच सुई काढून घ्यायची. सुई आधी काढली तर गाठ वाटेतच बसते आणि मध्ये उघडा दोरा दिसतो. गाठ भोकातून आत सरकत असेल तर दोरा बारीक आहे, दुहेरी घ्यावा. गाठी मारायच्या असतील तर दोरा माळेच्या अडीच-तीनपट लांब कापावा. बिनगाठीच्या सोळा इंची माळेला चार मिलिमीटरचे साधारण शंभर मोती लागतात, सहा मिलिमीटरचे पासष्टच्या आसपास. थोडे जास्तच आणावेत, कारण नंतर नेमका तोच रंग मिळत नाही.

पहिली कुडी

सुरुवात कुडीने करावी. लहान काम, मोती थोडे आणि चुकलं तर तार कापून पुन्हा करता येतं. सोनेरी पॉलिशची २८ गेजची तार दीड वीत घ्यायची. सात मोती ओवून, तारेचं टोक पहिल्या दोन मोत्यांतून पुन्हा काढून गोल आवळायचा. मग तेच टोक मध्यावर आणायचं, त्यात मधला मोती घालायचा, समोरच्या दोन मोत्यांच्या फटीतून मागे न्यायचं आणि मागे दोन्ही टोकांना पीळ द्यायचा. शेवटी हे फूल दांडीच्या चकतीवर बसवायचं आणि मागे फिरकी. तारेला मध्येच अढी पडली तर ओढू नये, बोटांनी उलगडावी. अढीवर ओढलेली तार नेमकी तिथेच तुटते.

पुष्कळ जणींची कुडी इथेच बिघडते आणि कारण कळत नाही. ते भूमितीत आहे. एकाच मापाच्या मोत्यांमध्ये, मधल्या मोत्याभोवती बरोबर सहाच बसतात. सात लावायचे तर मधला सुमारे सव्वापटीहून थोडा मोठा हवा, म्हणजे चार मिलिमीटरच्या पाकळ्यांना मध्ये सव्वापाचचा. आठ लावायचे तर साडेसहाचा. मधला लहान पडला की तो आत बुडतो, मोठा झाला की पाकळ्यांमध्ये फटी पडतात. मोत्यांना नावं ठेवण्याआधी पट्टी काढावी.

महालक्ष्म्यांचे दागिने

भाद्रपदात आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात, आणि नवशिकीला यासारखी संधी नाही. दागिना मोठा हवा, लांबून उठून दिसायला हवा, आणि तो तीन दिवस जागचा हलत नाही. घाम नाही, ओढाताण नाही. आठ-दहा मिलिमीटरचे हलके प्लॅस्टिक मोती इथे चालतात, उलट तेच बरे. काचेच्या पदरांचं वजन मुखवट्याखालच्या मांडणीला झेपत नाही. माप मात्र आपल्या गळ्यावर घेऊ नये. कोठीवर किंवा स्टँडवर साडी नेसवल्यावर गळा बराच जाड होतो. म्हणून मागे फासा न लावता गोंड्याची सरकती गाठ ठेवावी, म्हणजे थोरल्या-धाकट्या दोघींना तीच माळ बसते.

विकायचं ठरलं तर

मागणी हंगामी आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुंडावळ्या आणि जानेवारीत नथी, कुड्या. १२ जानेवारीला जवळच सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव असतो, तिथे नऊवारीत येणाऱ्या बायकामुलींची संख्या मोठी. दोन-तीन दिवसांनी संक्रांत लागते आणि हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात.

किंमत ठरवताना सामानाच्या खर्चात हातांचे तास धरायला बायका लाजतात. निंदणाला जाणारीला दिवसाची जी मजुरी मिळते तेवढी तरी आपल्या दिवसाला लावावी आणि मगच आकडा सांगावा. ओळखीतली कोणी ‘मोत्यांचे पैसे घे फक्त’ म्हणाली, तर तिला करायला शिकवावं. स्वस्त पडतं.

नथ शेवटी

नथ सगळ्यांना पहिल्या दिवशीच करायची असते. थांबावं. तिचा वाक जाड तारेचा, विणकाम बारीक तारेचं, मोती उतरत्या मापाचे, त्यात लाल-हिरवा खडा मध्यावर यायला हवा, आणि हे सगळं नाकावर पेलण्याइतकं हलकं. दहा-बारा कुड्या नीट जमल्यावर हात बसतो. नाक टोचलेलं नसणाऱ्यांसाठी चापाची नथ करायची असेल, तर नुसता चाप आधी तासभर स्वतःच्या नाकाला लावून घरात कामं करावीत. दुखलं तर दुसरा चाप आणावा, मोती त्यानंतर ओवावेत.