आभासी नाणी आणि खरी मजुरी

सोलापूरसारख्या कष्टकऱ्यांच्या शहरात ‘कमाई’ या शब्दाला एक निश्चित अर्थ आहे. पूर्व भागातील बिडी कामगार स्त्री सूप मांडीवर घेऊन बसते, पानात तंबाखू भरून दोरा बांधते, बिड्या मोजून देते आणि हजारामागे ठरलेली मजुरी घेते. यंत्रमागावर चादर वा टॉवेल विणणाऱ्याचा हिशेबही बहुतांशी विणलेल्या मालावरच होतो. किती केले म्हणजे किती मिळेल, हे दोघांनाही आधी ठाऊक असते. पण हल्ली त्याच घरांतून हा शब्द निराळ्या अर्थाने कानी येतो. ‘आज मी पाच हजार नाणी कमावली,’ असे शाळकरी मुलगा मोबाईलवरची नजर न काढता सांगतो. ही नाणी कोण देतो, का देतो आणि त्यांचे मोल काय, याचा थोडा विचार आज आपण करू.

खेळ आपल्याला नवे नाहीत. सारीपाट आणि पचिशी आपल्या पूर्वजांनी कवड्या टाकून खेळली. त्याच पचिशीचे सुटसुटीत रूप इंग्लंडात 1896 साली ‘ल्युडो’ या नावाने पेटंट घेऊन बाजारात आले आणि पुढे आपल्याकडे परत आले. 2016 साली नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीने ते ‘ल्युडो किंग’ या नावाने मोबाईलवर आणले. 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी हा डाव रंगला. असे खेळ बहुधा फुकट मिळतात. त्यांत खेळणाऱ्याच्या नावे काही नाणी जमा असतात. रोज हजेरी लावली की थोडी मिळतात, डाव जिंकला की मिळतात, जाहिरात शेवटपर्यंत पाहिली तरी मिळतात. संपलीच तर खरे रुपये मोजून विकतही घेता येतात.

आता कोणी विचारील, की खेळ फुकट आणि वर नाणीही फुकट, तर कंपनीचे पोट कसे भरते? याचे उत्तर वरच्या यादीतच आहे. खेळणाऱ्याने पाहिलेल्या जाहिरातीचे पैसे जाहिरातदार कंपनीला देतो, आणि त्यातला एक पैसाही न देता कंपनी खेळणाऱ्याला नाणी देते. ही नाणी छापायला तिला खर्च नाही. एका मुलाला दिली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाहीत. थोडक्यात, मुलगा ज्याला आपली कमाई म्हणतो, ती त्याने वेळ देऊन केलेली खरेदी असते. खरी कमाई पडद्याच्या पलीकडे होत असते.

पण केवळ फुकट मिळते म्हणून माणूस तासन्‌तास एका जागी बसत नाही. त्याला धरून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे, आणि तिचा शोध मोबाईलच्या कितीतरी आधी लागला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांवर प्रयोग केले. पेटीतील चकतीवर चोच मारली की दाणा मिळे. फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 साली या प्रयोगांचा मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. काही कबुतरांना ठराविक चोचींनंतर दाणा दिला. ती दाणा मिळाल्यावर थोडी थांबत आणि मग पुन्हा कामाला लागत. काहींना मात्र कधी पाच चोचींनंतर, कधी पन्नासानंतर, असा अनिश्चित दाणा दिला. ती जवळजवळ न थांबता चोच मारीत राहिली, आणि दाणा अजिबात बंद केल्यावरही फार उशिरापर्यंत त्यांनी प्रयत्न सोडला नाही.

माणूस म्हणजे कबूतर नव्हे, हे खरेच. तरी आपल्या शहरातील दोन कमायांमधला फरक या प्रयोगाने नेमका उलगडतो. हजार बिड्या पुऱ्या झाल्या की ती स्त्री सूप बाजूला ठेवते आणि चुलीकडे वळते. मोबदला ठरलेला असल्यामुळे तिच्या कामाला शेवट आहे. खेळातील बक्षिसाच्या चक्राला असा शेवट नाही. फिरविल्यावर दहा नाणी येतील की दहा हजार, हे ठाऊक नसते, आणि हे ठाऊक नसणे हाच त्याचा गळ आहे. त्यात रोजच्या हजेरीची मालिका जोडलेली. सहा दिवस आलात, सातव्या दिवशी मोठे बक्षीस; एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मिळविण्याच्या हौसेइतकीच गमावण्याची भीतीही येथे कामाला लावलेली असते.

बरे, एवढे करून जमविलेली संपत्ती राहते कोठे? 2009 साली ‘फार्मव्हिल’ नावाचा शेतीचा खेळ फेसबुकवर सुरू झाला. ऐन भरात महिन्याकाठी आठ कोटींहून अधिक लोक तो खेळत. पीक वेळेवर काढले नाही तर ते वाळून जाई, म्हणून लोक कामधंदा सोडून पडद्यावरच्या शेताकडे धावत. तो खेळ ज्या तंत्रावर चाले, त्याचा आधार 2020 च्या अखेरीस काढून घेण्यात आला आणि 31 डिसेंबर 2020 रोजी फार्मव्हिल बंद झाले. शेते, गोठे, नाणी, सारे एका दिवसात नाहीसे झाले. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक गेले तरी जमीन उरते. तेथे जमीनही उरली नाही. कारण अशा खेळांतील वस्तू खेळणाऱ्याच्या मालकीच्या नसतात. त्या वापरण्याची परवानगी तेवढी त्याला दिलेली असते, आणि हे करारात लिहिलेले असते. तो करार वाचतो कोण?

येथवरचे नुकसान वेळेचे आणि किरकोळ पैशांचे. नाण्यांचे रुपये होऊ लागले, की गोष्ट जुगाराच्या उंबरठ्यावर येते. हा प्रश्नही जुना आहे. बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले, तेव्हा मुंबई राज्याने 1948 साली आणि केंद्राने 1955 साली कायदे केले. दैवावर अवलंबून असलेली स्पर्धा हा जुगार आहे, व्यापार नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली दिला. तेव्हापासून ‘कौशल्याचा खेळ’ ही पळवाट म्हणा, सवलत म्हणा, शिल्लक राहिली होती. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैशाच्या खेळांपुरता तो भेदच काढून टाकला. कौशल्य असो वा दैव, पैसे किंवा पैशात बदलता येणारी नाणी पणाला लावून पैशाच्या आशेने खेळविलेला खेळ त्याने निषिद्ध ठरविला. निव्वळ करमणुकीच्या खेळांना मात्र त्याने वेगळी, मान्य जागा दिली.

ही सीमा घरातही ओळखता आली पाहिजे. ‘खेळू नको’ म्हणून मोबाईल हिसकावण्याने काही साधत नाही. दिवसभर राबणाऱ्या घराला चार घटका करमणुकीचा हक्क आहेच. मुलाजवळ बसून त्याला दोन प्रश्न विचारावेत. ही नाणी घेऊन शेजारच्या किराणा दुकानातून काय आणता येईल? काहीच नाही, हे तो स्वतःच सांगेल, आणि ‘कमाई’ शब्दाचा फुगा तेथेच फुटेल. ‘रुपये मिळतात’ असे तो म्हणाला, तर आपण सावध व्हावे. दुसरा प्रश्न : हा डाव केव्हा थांबवायचा, हे तू ठरवितोस की ते चक्र? या प्रश्नाचे उत्तर लगेच येणार नाही, पण तो त्याच्या मनात राहील. शिवाय पैसे पाठविण्याची सोय ज्या मोबाईलवर आहे, त्याचा गुप्त अंक मुलांच्या हाती देऊ नये, हे साधे पथ्य तर पाळावेच.

आईने वळलेल्या हजार बिड्यांची मजुरी आणि मुलाची पाच हजार नाणी यांत आकडा नाण्यांचा मोठा दिसतो. परंतु त्या मजुरीतून घरात ज्वारी येते, आणि मोबाईलमध्ये जाहिराती येण्यासाठी भरलेले पैसेही तिच्यातूनच जातात. हा हिशेब ज्या घरात एकदा मोठ्याने मांडला जाईल, तेथे खेळ खेळाच्या जागी राहील, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.