चर्चास्थळाचा सर्व्हर : स्वतः सांभाळावा की सोपवावा?

बेलापूर (ता. श्रीरामपूर), प्रतिनिधी –

‘बेलापूर’ म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर नवी मुंबईतील सीबीडी उभे राहते. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेच्या काठी वसलेले बेलापूर हे निराळे गाव. या दोन बेलापुरांत आजवर केवळ नावाचे साम्य होते. इंटरनेटमुळे आता आणखी एक धागा जुळू शकतो. नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातील अनेक मोठी डेटा केंद्रे उभी राहिली आहेत. प्रवराकाठच्या बेलापुरात शिकून पुणे, दुबई किंवा न्यू जर्सीला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी उद्या एखादे चर्चास्थळ सुरू केले, तर त्यावरील मजकूर त्या दुसऱ्या बेलापूरच्या शेजारीच साठविला जाण्याची शक्यता बरीच आहे. मात्र त्याआधी त्यांना एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागेल : सर्व्हर स्वतः सांभाळायचा, की ते काम पैसे मोजून एखाद्या कंपनीवर सोपवायचे?

हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. त्यामुळे बहुतेक मंडळांत तो ‘संगणकातले कळणाऱ्या’ एका सभासदाच्या गळ्यात पडतो. प्रत्यक्षात पणाला लागते ती समूहाची स्मृती. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून १६ सप्टेंबर १९९६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी सुरू केले. त्यानंतर ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘उपक्रम’, ‘ऐसी अक्षरे’ अशी संकेतस्थळे आली. पाककृतींपासून व्याकरणाच्या वादांपर्यंत आणि प्रवासवर्णनांपासून दिवाळी अंकांपर्यंत या स्थळांवर जे लिहिले गेले, त्यातील पुष्कळसे कोणत्याही ग्रंथालयात नाही. सर्व्हर गेला, तर ते लेखनही जाते.

दोन पर्यायांचा अर्थ

‘स्वतःचा सर्व्हर’ म्हणजे घरातील कोपऱ्यात ठेवलेला संगणक, अशी एक समजूत आहे. नगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागाने दोन हजारच्या दशकात जे भारनियमन सोसले, ते आठवले तरी ही कल्पना बाद ठरते. शिवाय घरगुती इंटरनेट जोडणीला बहुधा कायमस्वरूपी पत्ता मिळत नाही. आज स्वयंव्यवस्थापित सर्व्हर म्हणजे एखाद्या डेटा केंद्रातील यंत्राचा भाड्याने घेतलेला हिस्सा. वीज, वातानुकूलन आणि यंत्रांची दुरुस्ती कंपनीकडे असते. त्यावर कार्यप्रणाली बसविणे, डेटाबेस चालविणे, सुरक्षेच्या दुरुस्त्या लावणे, बॅकअप घेणे आणि ई-मेल पोहोचतील असे पाहणे हे सारे भाडेकरूचे काम. रिकामे घर भाड्याने घेऊन संसार आपण थाटावा, तसे हे आहे.

व्यवस्थापित क्लाउड होस्टिंग हे वसतिगृहासारखे असते. जेवण, साफसफाई, पहारा यांची व्यवस्था मालक करतो आणि त्याचे पैसे घेतो. नियमही त्याचेच चालतात. मंडळाच्या हाती उरते ते सभासदांची नोंदणी, चर्चांवर देखरेख आणि मांडणी. कोणती जोडसुविधा बसवावी, जुना मजकूर कोणत्या स्वरूपात आणावा, यावर मात्र मर्यादा येऊ शकतात.

मराठी स्थळांच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा गौण नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीचा मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटच्या खास संकेतांत साठविलेला असे. जुन्या मायबोलीवर देवनागरी उमटविण्यासाठी रोमन अक्षरांभोवती विशिष्ट खुणा घालाव्या लागत. असा मजकूर नव्या प्रणालीत आणायचा, तर डेटाबेसला थेट हात घालावा लागतो. ती मुभा स्वतःच्या सर्व्हरवर पूर्ण असते, व्यवस्थापित सेवेत दर वेळी मिळेलच असे नाही.

सात तासांचा धडा

स्वतः सर्व्हर सांभाळण्याची खरी किंमत काय, हे १५ ऑक्टोबर २०१४ रोजी जगभर दिसून आले. अनेक मराठी संकेतस्थळांनीही वापरलेल्या ‘द्रुपल’ या मुक्तस्रोत प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत एक गंभीर छिद्र असल्याचे त्या दिवशी जाहीर झाले. सदस्यनाव वा पासवर्ड नसतानाही कोणालाही संकेतस्थळाचा पूर्ण ताबा घेता येईल, असे ते छिद्र होते. डेटाबेसवरील असले हल्ले रोखण्यासाठी लिहिलेल्या भागातच ते निघावे, हा दैवदुर्विलास. दुरुस्ती त्याच वेळी उपलब्ध झाली होती. पण दोन आठवड्यांनी द्रुपलच्या सुरक्षा पथकाने बजावले, की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती लावली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ हल्लेखोरांच्या हाती पडले आहे असेच समजावे.

भारतीय वेळेनुसार ते सात तास साधारणपणे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार असे होते. दिवसभर नोकरी करून हौसेने संकेतस्थळ चालविणारा माणूस त्या वेळी झोपलेला असतो. याउलट काही व्यवस्थापित होस्टिंग कंपन्यांनी आपल्या सर्व ग्राहकांच्या संकेतस्थळांपुढे हा हल्ला अडविण्याची तजवीज परस्पर केली होती. कंपनीला दिलेल्या जादा पैशांचा मोबदला कोणता, याचे उत्तर या एका रात्रीत मिळते : आपण झोपलेले असताना कोणीतरी जागे असणे.

प्रणालींचे आयुष्यही मर्यादित असते. द्रुपलच्या याच सातव्या आवृत्तीला मिळणारा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. त्यानंतरच्या आवृत्त्यांची अंतर्गत रचना इतकी बदललेली आहे, की तेथे जाणे म्हणजे जवळपास नवे घर बांधून सामान हलविणे होय. सर्व्हर स्वतः सांभाळणाऱ्या मंडळाने दर काही वर्षांनी असे एक स्थलांतर गृहीत धरलेच पाहिजे.

सोपविले म्हणजे सुटले, असे नाही

मग सारे काही मोठ्या कंपनीवर सोपवून निश्चिंत व्हावे काय? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा केंद्राची एक इमारत आगीत भस्मसात झाली. ज्यांचा बॅकअप दुसऱ्या गावी होता, त्यांची स्थळे पुन्हा उभी राहिली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांतील अनेकांचा मजकूर कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीचे गुगल क्लाउडवरील खाते कंपनीच्याच चुकीमुळे पुसले गेले. निधीने आपली एक प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडेही ठेवली होती. सेवा पूर्ववत करताना ती उपयोगी पडली.

केवळ बॅकअप घेतल्याचे समाधानही फसवे ठरू शकते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीतील एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. तेव्हा असे लक्षात आले, की बॅकअपच्या पाच निरनिराळ्या व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. सहा तासांपूर्वी योगायोगाने हाताने काढलेली एक प्रत सापडली, म्हणून बाकीचे वाचले. मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या. बॅकअपमधून संकेतस्थळ प्रत्यक्ष उभे करून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबता येत नाही.

मोफत जागेचा तिसरा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. त्याचाही इतिहास ध्यानात घ्यावा. जिओसिटीज २००९ मध्ये, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी आणि याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. सभासदांना नोटीस मिळाली. निर्णयात त्यांचा सहभाग नव्हता.

खर्चाचा आणि नावाचा हिशेब

लहान चर्चास्थळाला पुरेल असा आभासी सर्व्हर महिना पाचशे ते हजार रुपयांच्या आसपास मिळू शकतो. व्यवस्थापित सेवेचे दर त्याच्या कित्येक पट असतात, आणि ते डॉलरमध्ये असले तर रुपयाच्या चढउतारांचा फटकाही बसतो. या तुलनेत एक रक्कम मात्र नेहमी गळते : सांभाळणाऱ्या सभासदाचा वेळ. नव्या सभासदांना नोंदणीचे ई-मेलच मिळत नाहीत, ही नेहमीची तक्रार घ्या. नव्या सर्व्हरवरून निघालेले ई-मेल जीमेलसारख्या सेवा संशयाने पाहतात; आपली ओळख पटविणाऱ्या नोंदी बिनचूक केल्याशिवाय ते नको असलेल्या टपालात जाऊन पडतात. असे बारीकसारीक दोष निस्तरण्यात शनिवार-रविवार जातात. ते तास पैशांत मांडले, तर स्वस्त पर्याय स्वस्त राहतोच असे नाही.

संकेतस्थळाच्या नावाचेही तसेच. श्रीरामपूर शहरातील रेल्वेस्थानकाला बेलापूर हे नाव मिळाले, यावरून नाव आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या परिसराला ठाऊक आहेच. डोमेन नाव मंडळाच्या ताब्यात असेल, तर सर्व्हर कोठेही हलविता येतो आणि वाचकाला पत्ता तोच राहतो. ते होस्टिंग कंपनीच्या किंवा एखाद्या सभासदाच्या खासगी खात्यावर नोंदविलेले असेल, तर वाद झाल्यास किंवा तो सभासद दुरावल्यास मजकूर हाती असूनही पत्ता हरवतो.

कायदा कोणाला विचारतो?

सभासदांची नावे, ई-मेल, दूरध्वनी क्रमांक ही व्यक्तिगत माहिती होय. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. प्रत्यक्ष साठवण दुसऱ्या कंपनीकडे सोपविली, तरी माहिती गोळा करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, हे या कायद्याचे सूत्र आहे. सायबर सुरक्षेच्या घटनांची माहिती सहा तासांत कळविण्याचा आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपण्याचा ‘सर्ट-इन’चा आदेश २८ एप्रिल २०२२ चा आहे. व्यवस्थापित सेवा घेताना या नोंदी कंपनी ठेवते का आणि मागितल्यास देते का, हे आधीच लेखी विचारून घेणे श्रेयस्कर.

निर्णय कसा घ्यावा?

सर्व्हरचे काम जाणणारे, एकमेकांची जागा घेऊ शकतील असे किमान दोन सभासद असतील, केलेल्या कामाची टिपणे लिहून ठेवण्याची शिस्त असेल आणि जुना मजकूर बराच असेल, तर स्वयंव्यवस्थापित सर्व्हर हिताचा. जाणकार एकच असेल, तर त्याच्या बदलीबरोबर किंवा आजारपणाबरोबर स्थळही आजारी पडते. अशा मंडळाने वर्गणी थोडी वाढवून व्यवस्थापित सेवा घेणेच शहाणपणाचे. त्यातही ‘डिस्कोर्स’सारखी मुक्तस्रोत प्रणाली निवडली, तर आज सोपविलेले स्थळ उद्या स्वतःच्या सर्व्हरवर आणता येते. परतीची वाट मोकळी राहते.

कोणताही मार्ग पत्करला, तरी तीन कामे सोपविता येत नाहीत. डोमेन मंडळाच्या नावावर ठेवणे, संपूर्ण मजकुराची एक प्रत होस्टिंग कंपनीपासून अलग अशा ठिकाणी ठेवणे आणि वर्षातून निदान दोनदा त्या प्रतीवरून संकेतस्थळ उभे करून पाहणे. वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, त्याच वेळी ‘शेवटची प्रत कधी तपासली?’ हा प्रश्नही सभासदांनी विचारावा. त्याचे उत्तर तारखेसह मिळाले, तर सर्व्हर कोणाचा, ही चिंता बरीच हलकी होते.